ताटांचं घड्याळ

मावशीची जीभ सुरतेच्या दवाखान्यात अर्ध्याहून जास्त काढून टाकली आणि नाकातून एक बारीक नळी पोटात घालून तिला घरी पाठवलं. खांडबारा स्टेशनात गाडीतून उतरवताना मी तिला एका बाजूने धरलं होतं. अंगात काही उरलंच नव्हतं. स्टेशनापासून तिच्या खानावळीपर्यंतचा रस्ता अगदी थोडा, पण त्या रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या हातचं जेवलेला. सगळे थांबत, बघत, आणि काय विचारावं ते कोणालाच सुचत नव्हतं. या भागात माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "जेवना का?" तो विचारायची सोय राहिली नव्हती.

ती माझी नात्याने कोणी नव्हे. रेल्वेचे गँगमन, ट्रकवाले, आठवडे बाजाराला आलेले व्यापारी, खानावळीत जेवणारे सगळेच तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. माझं घर कोकणाच्या पार खालच्या टोकाला. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो, तिथेच शाळा संपली. मग मिळेल ते काम करता करता फोनची केबल जमिनीत गाडणाऱ्या एका टोळीबरोबर इतक्या लांब येऊन पडलो. खांडबाऱ्यात मला हिवतापाने धरलं. टोळी पुढे गुजरातेत गेली आणि मी खानावळीच्या ओट्यावर कुडकुडत राहिलो. मावशीने विचारलं, तुमच्याकडे आजाऱ्याला काय देतात. मी म्हटलं, पेज. पेज तिला ठाऊक नव्हती. मी पडल्या पडल्या सांगितली तशी तिने केली, पण वरून लसणाची फोडणी घातलीच. "लसूण नही तं गयाखाले उतरस का काही?" असं स्वतःशीच बोलत तिने वाटी माझ्या तोंडाला लावली. तसली पेज मी जन्मात प्यालो नव्हतो. सगळी प्यालो.

बरा झालो तशी तिने मला शेजारच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन उभं केलं आणि शेठला सांगितलं, "हाऊ मन्हा पोऱ्या शे, याले काम शिकाड." शेठ हसला. म्हणाला, तुझा पोऱ्या, मग याला आपली बोली कशी येत नाही? त्यावर ती म्हणाली, येईल, पोट भरलं की बोलीही येते. तेव्हापासून माझं दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडे. मी मुळातला घाबरट माणूस. घरून अवेळी फोन आला तरी उचलण्याआधी हात पुसून घेतो, घाम येतो म्हणून. इतक्या परक्या मुलखात मी टिकलो तो केवळ त्या ओट्यामुळे, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

तर ती अशी नळी घेऊन परत आली. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सगळं सुनेच्या अंगावर. अर्धी खानावळ तिने चालू ठेवली होती आणि दर दोन तासांनी दूध, डाळीचं गाळलेलं पाणी, डॉक्टरांनी दिलेली पावडर असं काहीतरी मोठ्या सिरिंजमध्ये भरून ती नळीतून सोडायची. दवाखान्यात बजावून सांगितलं होतं की पुढे मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे आहेत, पण त्याआधी वजन वाढलं पाहिजे, नाहीतर या अंगाला शेक झेपणार नाहीत. म्हणजे त्या सिरिंजवरच सगळं होतं. आणि मावशी ती घेईना. सून जवळ आली की ती नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरायची आणि भिंतीकडे वळायची. तोंडाने बोलता येत नव्हतं, लिहिणं तिला कधीच येत नव्हतं. तो अंगठा बाजूला करण्याचं बळ सुनेत होतं, पण तसं कोण करणार? ती सिरिंज घेऊन मागच्या दारात जाऊन रडायची. मी जेवायला गेलो की ताट वाढता वाढता सांगायची, आज सकाळपासून दोनच वेळा घेतलं, तेही अर्धं.

एकदा मी खाटेशी बसलो असताना मावशीने मनगटाकडे बोट करून विचारलं, किती वाजले. मी सांगितलं, एक. तिने सिरिंजकडे पाहिलं आणि हात हलवला, जसा एखादा खोटं बोलणाऱ्याला हलवतो. मग माझ्या ध्यानात आलं. या बाईने उभ्या आयुष्यात वेळ ओळखली ती चुलीवर काय आहे त्यावरून. सकाळी गँगमनसाठी पोहे, दुपारी वरण-बट्टी किंवा भाजी-भाकरी, चारला ट्रकवाल्यांचा चहा आणि भजी, रात्री खिचडी. आता सकाळ, दुपार, रात्र, सगळ्याला तेच पांढरं पाणी. तिच्या लेखी दिवसाला तोंडच राहिलं नव्हतं.

त्याच सुमारास फोनवर मी कोणीतरी केलेलं एक गमतीचं घड्याळ पाहिलं होतं. तास बदलला की त्यात खाण्याचं नवं चित्र येई, आणि ते चित्र कोणी काढलेलं नसे, संगणकाला शब्द सांगितले की तो ते स्वतः तयार करी. मला वाटलं, आपण मावशीला असं करून द्यावं. निदान एक वाजला की बट्टी दिसेल, आणि सूनबाईला म्हणता येईल, ही घ्या तुमची बट्टी.

शेठच्या भंगारात कोपऱ्याला तडा गेलेला एक टॅब पडला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला घे, मावशीसाठी काय विचारतोस. बाजारातल्या घड्याळवाल्याकडून मशीन गेलेलं एक जुनं लाकडी घड्याळ मिळालं, काचेच्या दाराचं. त्याची तबकडी काढून तिथे टॅब बसवला. चार्जिंगची वायर मागून काढायला पेटीला भोक पाडलं तेव्हा लाकूड चिरलं, ते फेव्हिकॉलने भरलं. काटे पडद्यावरच काढले, चित्राच्या वरून फिरणारे. हे सगळं व्हिडिओ बघून, थांबवून, पुन्हा बघून. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तेच करत बसे. जेवणाची वेळ झाली की वाजायला काहीतरी हवं होतं, म्हणून सुनेला परातीवर पळी ठोकायला लावलं आणि तो आवाज भरून घेतला. मावशी जेवणाऱ्यांना तशीच हाक मारायची.

खरी पंचाईत चित्रांची झाली. मी मराठीत लिहिलं, कळण्याची भाकरी. आली ती काळ्या कडांची, वर टोमॅटो लावलेली. शेवभाजी मागितली तर रश्शात शेवयांसारखं काहीतरी तरंगत होतं. भरीत म्हटलं की अख्खं चकचकीत वांगं, त्याच्या डोक्यावर पुदिन्याचं पान. शेठ मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "हाई खाईसन तं चांगला माणूस आजारी पडी." मग मी पदार्थाचं नाव सांगणं सोडलं आणि एखाद्या लहान पोराला समजवावं तसं लिहू लागलो. ज्वारी आणि सालासकट उडदाच्या पिठाची, करड्या रंगाची, जाडसर, कडेला चिरा पडलेली, हाताने थापलेली. वर कोथिंबीर नको. चमचा नको. वाफ नको. तसं करता करता बरी चित्रं येऊ लागली. पितळी ताट, त्यात भाकरीची चवड, भरीत, ठेचा, कांदा, वाटीत वरण, बाजूला पापड, दह्याची वाटी. बघूनच भूक लागावी अशी. प्रत्येक जेवणाच्या वेळेचं एक, अशी सगळी करून घेतली. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मी न घाबरता उचलला आणि तिला सगळं सांगितलं. तिला घड्याळातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, मावशीक बरां वाटूं दे.

आखाजी, म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया, होऊन थोडेच दिवस झाले होते. उन्हाने पत्रे तापलेले. खाटेच्या समोरच्या भिंतीला मी घड्याळ टांगलं, वायर जोडली आणि दुपारचा एक व्हायची वाट बघत बसलो. पळी वाजली. मावशीने दचकून वर पाहिलं. पडद्यावर भरलेलं ताट आलं. ती ते बराच वेळ बघत राहिली. मी सुनेला खूण केली, तिने सिरिंज पुढे केली आणि म्हणाली, "आत्याबाई, देखा, बट्टी उनी." मावशीने नळी अंगठ्याने दाबली आणि भिंतीकडे तोंड केलं. या वेळी खांदे हलत होते.

तिची मोठी बहीण तिला भेटायला आली होती, खाटेच्या पायथ्याशी बसलेली. म्हातारी तोंडाची फटकळ. ती उठून घड्याळाच्या जवळ गेली, काचेला नाक लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "तुमनाकडे जित्ता माणूसले असं वाढतस का रे?" तिने विचारलं. मला काही समजेना. तिने काचेवर बोट ठेवलं. "सगळं एकदम वाढेल, कोनी बठेल नही, कोनी हात लायेल नही. हाई तं पित्तरसनं ताट शे."

आखाजीला त्या घरी पाण्याची घागर भरून मांडतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवतात, आणि गेलेल्या माणसांसाठी एक ताट सगळं काही एकदम वाढून घागरीपुढे ठेवतात. त्याच्यापुढे कोणी बसत नाही. त्यातला घास चुलीतल्या निखाऱ्यावर टाकतात. हे मी त्याच ओट्यावर बसून दर वर्षी पाहिलं होतं. आणि जिवंत माणसाला मावशी कसं वाढते, ते तर दिवसातून दोनदा पाहत होतो. ताटात भाजी आणि एक भाकरी. ती अर्धी झाली की तव्यावरची दुसरी थेट पानात. चवड कधी नाही, पापडही मागून. आमच्याकडे भाताचा ढीग एकदमच वाढतात, त्यामुळे ती पद्धत आहे हेच माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वाटायचं, गरम खायला मिळावं म्हणून करते. आता मी त्या आजारी बाईसमोर मेलेल्यांची ताटं टांगली होती, आणि ती दर जेवणाला बदलणार होती.

मी स्टुलावर चढून घड्याळ काढायला लागलो. घाईत खिळा सापडेना. मावशीने खाटेवर तळवा आपटला. म्हणजे थांब. मी खाली उतरलो. तिने मला जवळ बोलावलं, घड्याळाकडे बोट केलं आणि मग दोन्ही हातांनी भाकरी मोडल्याची खूण केली. पुन्हा केली. बहिणीला कळलं नाही, सुनेला कळलं नाही. मला वाटलं, मला कळलं.

त्या संध्याकाळी दुकानात बसून मी संगणकाला सांगितलं, मोडलेली भाकरी दाखव. अर्धी खाल्लेली. त्याने भाकरी दिली आणि तिला एका बाजूने दातांचा चावा घेतलेला, बिस्किटाला घेतात तसा. भाकरी अशी कोण खातं? मी लिहिलं, हाताने तुकडा तोडलेली. मग हात आला, त्याला बोटं जास्त. मी लिहिलं, हात नको, वरण सांडलेलं, भाजीतून बोटं फिरलेली दाखव. ताटाच्या मधोमध नक्षी काढल्यासारखा एक सुंदर ओघळ आला. शेवटी मी जेवताना माझ्या स्वतःच्या ताटाचा फोटो काढला, भाकरीचा तुकडा, ठेच्याचा डाग, सगळ्यासकट, आणि तो त्याला देऊन सांगितलं, असंच. त्याने माझं ताट धुऊन पुसून, नवी भाकरी ठेवून, वाटी काठोकाठ भरून मला परत दिलं. मी किती वेळा दिलं, तरी तेच. त्याला खाल्लेलं ताट म्हणजे बिघडलेलं ताट वाटत असावं, ते तो नीट करून देत होता.

दुसऱ्या दिवशी मी तसाच रिकाम्या हाताने गेलो आणि तिला सांगितलं, मावशी, होत नाही. भरलेलंच येतं. तिने ऐकून घेतलं. एकची पळी वाजली, ताट आलं. तिने सुनेला बोलावलं, चुलीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग खाटेसमोरच्या जमिनीकडे. सून म्हणाली, इथे? आत्याबाईंच्या समोर? मी म्हटलं, नको, मी नेहमीसारखा बाहेर ओट्यावर जेवेन. जिला थुंकीही गिळता येत नाही तिच्यासमोर बसून घास कसा घ्यायचा? मावशीने पुन्हा खाटेवर तळवा आपटला. मी बसलो. सुनेने भाजी आणि एक भाकरी वाढली. मी मान खाली घालून पहिला तुकडा मोडला, आणि वर पाहिलं तर मावशीने नळीवरचा अंगठा काढून घेतला होता. ती माझ्या हाताकडे बघत होती. सुनेने घाईने सिरिंज लावली. दूध हळूहळू उतरत गेलं. माझी भाकरी अर्धी झाली तसं मावशीने सुनेच्या कोपराला ढोसलं. सून सिरिंज माझ्या हातात देऊन दुसरी भाकरी आणायला पळाली, आणि मी एका हाताने सिरिंज उंच धरून दुसऱ्या हाताने जेवत राहिलो.

तिला खाणं हवंच नव्हतं. तिला वाढायचं होतं. मी काढलेली एवढी ताटं, पण त्यातलं एकही कोणी जेवत नव्हतं.

मग तसंच सुरू झालं. पळी वाजली की खाटेसमोर कोणीतरी बसायचं. सकाळी गँगमनपैकी एखादा, दुपारी मी, चारला शेठ चहा-भजी घेऊन, रात्री पुन्हा मी. घड्याळ ती आता नीट बघायची, पण निराळ्या कारणाने. पडद्यावर भरीत आलं आणि जेवणाऱ्याच्या ताटात मात्र पिठलं असलं की सुनेकडे भुवया उंचावून बघायची. सून म्हणायची, घड्याळातली बाई माझ्यापेक्षा श्रीमंत आहे, तिला रोज वांगी परवडतात. एकदा एक गँगमन पोट भरलं म्हणून उठायला लागला, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला आणि म्हणाला, "मावशी, तू बोलत व्हती तवय बरं व्हतं. तवय नही तरी म्हनता ये." खोलीत त्या दिवसांत पहिल्यांदा हशा झाला. मावशीचा चेहरा एकाच बाजूने हसला, दुसरी बाजू टाक्यांनी ओढलेली होती.

वजन वाढलं. फार नाही, पण दवाखान्यात म्हणाले चालेल, शेक सुरू करू. मुलाने ट्रकवरून रजा काढून तिला सुरतेला नेलं. घड्याळ भिंतीवर तसंच चालू होतं. मी रात्री जेवायला गेलो की त्या रिकाम्या खाटेसमोर पळी वाजायची आणि सून म्हणायची, बंद करून टाक ना. मग स्वतःच म्हणायची, राहू दे.

शेक पुरे झाले नाहीत. मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली होती आणि तिची कातडी शेक घेईना. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, आता घरी न्या. ती परत आली तेव्हा स्टेशनावरून तिला खुर्चीत बसवून आणलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, असं मला तिच्याकडे पाहून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पळी वाजली. मी खाटेसमोर बसलो. सुनेने मला भाजी-भाकरी वाढली आणि सिरिंज भरून आणली. मी तुकडा मोडला. मावशीने नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. राग नव्हता, भिंतीकडे वळणंही नव्हतं. नुसता ठेवला, आपण दार ओढून घेतो तसा. सून म्हणाली, थोडंसं, आत्याबाई, दोन घोट. तिने मान हलवली. माझा घास हातातच राहिला. मावशी माझ्या त्या हाताकडे बघत होती. मग तिने दुसरा हात उचलून खाटेवर तळवा टेकवला, आपटला नाही. मी घास तोंडात घातला.

भाकरी अर्धी झाली. सून सिरिंज मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मावशीने तिच्या कोपराला ढोसलं. सून उठली, चुलीकडे गेली आणि तव्यावरची भाकरी घेऊन आली. डोळे पुसत तिने ती माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "आत्याबाई म्हनी ऱ्हायन्यात, आखो एक ले."

माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी नको म्हणालो नाही. ती भाकरी संपवली, त्यानंतरची आणखी एकही संपवली, ताट बोटाने पुसून खाल्लं. मावशी शेवटपर्यंत बघत होती. मग तिने डोळे मिटले आणि तिला झोप लागली, अंगठा नळीवर तसाच.

त्यानंतर तिने नळीतून पाणी तेवढं घेतलं, तेही थोडेच दिवस. पण तिने आपलं जेवण थांबवलं आहे, हे मला आणि सुनेला त्या दुपारीच कळलं होतं. सिरिंजमधलं दूध सुनेने परत पातेल्यात ओतलं, साय धरली होती, आणि पातेल्यावर झाकण ठेवून ती माझं ताट घासायला मागच्या दारी घेऊन गेली.